काळू नदीचं विरजण

त्यांनी मला विचारलेला पहिला प्रश्न माझ्या नावाचा नव्हता, आमच्या घरच्या दह्याचा होता.

"दही राती लावता का सकाळी?"

माझं लग्न होऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. परका पुरुष दारात उभा राहून दह्याची चौकशी करू लागला तर काय बोलायचं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. मी "रात्री" म्हणाले. त्यांनी मान हलवली, उंबऱ्याबाहेरूनच दोनदा नाक ओढलं आणि म्हणाले, "म्हशीचं हाय. आनि काल विरजन जास्ती पडलंय." ते खरं होतं. त्या आंबट दह्यावरून सकाळीच नवऱ्याने तोंड वाकडं केलं होतं.

त्यांचं नाव मी इथे लिहीत नाही. गावात त्यांना कुणी नावाने हाक मारतही नसे. सगळ्या बायका "डेरीवाले भाऊ" म्हणायच्या, मी "काका" म्हणायचे. मूळचे आटगावकडचे. मुंबईतल्या एका दुधाच्या डेअरीत, तपासणीच्या खोलीत, ते बाटल्या धुवायच्या कामावर होते. शिक्षण चौथीपर्यंत. पण वीस-बावीस वर्षं रोज दही, ताक आणि विरजणाच्या बाटल्या हुंगून हुंगून धुतल्यामुळे आपल्याला साहेबांपेक्षा जास्त कळतं, अशी त्यांची पक्की समजूत होती. "लिवनारा बाटलीवरची चिठ्ठी वाचतो," ते म्हणायचे, "धुनाऱ्याला आत काय झालंय ते समजतं."

नोकरी सुटल्यावर ते सापगावला येऊन राहिले. तिथे वीटभट्टीवाल्यांनी माती काढून सोडून दिलेले खड्डे होते. पावसाचं पाणी साचून त्यांची डबकी झाली होती. त्यातली दोन त्यांनी मागून घेतली आणि मासे सोडले. बायको मुलाकडे कल्याणला राहायची. त्यावर कुणी विचारलं तर सांगायचे, "तिला अगरबत्ती लागते, मला चालत नाय. मंग भांडन कशाला?" त्यांच्या खोलीत खरंच अगरबत्ती, पावडर, साबण, काहीच नव्हतं. अंगाला ते हरभऱ्याचं पीठ लावायचे. एकदा शेजाऱ्यांकडे सत्यनारायण होता, तर धूप पेटल्याबरोबर हे आपल्या बरण्या गोधडीत गुंडाळून डबक्याच्या काठी जाऊन बसले. प्रसाद तिथेच मागवला आणि हुंगून खाल्ला.

हुंगल्याशिवाय ते काही खात नसत. शहापूरच्या स्टँडजवळ एक हॉटेल होतं. तिथे त्यांनी मिसळीवरचं दही परत पाठवलं होतं, ती गोष्ट त्या हॉटेलात बरीच वर्षं सांगितली जायची. "ज्या पातेल्यात दही लावलंय त्यात आदल्या दिवशी कोळंबी व्हती," असं यांनी गल्ल्यावर जाऊन सांगितलं. मालक चिडला. म्हणाला, आमचं हॉटेल शाकाहारी आहे. तेवढ्यात आतला आचारी बाहेर आला आणि खाली बघत म्हणाला, "शेठ, मी घरनं डबा आनलावता." त्या दिवसापासून काका दिसले की मालक स्वतः आत जाऊन पातेलं बघून यायचा.

आता ते आमच्या दारात कसे आले ते सांगते. आमचं गाव मुरबाड तालुक्यात, शहापूरच्या रस्त्याला. गावाखाली एक तळं आहे. ते आम्हा बायकांच्या गटाने मासे पाळायला घेतलं होतं. गटाच्या अध्यक्ष मोठ्या काकी, म्हणजे माझ्या चुलतसासूबाई. शेजारच्याच घरात राहायच्या. गावातल्या पुरुषांनाही ते तळं हवं होतं. पण काकी पंचायतीत जाऊन बसल्या आणि तळं बायकांच्या नावावर करूनच उठल्या. "या बायांना जमनार नाय, सालभरात परत देतील," असं पुरुष उघड म्हणायचे. त्यामुळे ते तळं टिकवणं हा काकींच्या इभ्रतीचा प्रश्न होता, आणि काकींच्या म्हणजे आम्हा सगळ्यांच्या.

पहिल्याच थंडीत माशांच्या अंगावर लाल चट्टे आले. रोहू, कटला, सगळे काठाशी येऊन सुस्त पडायचे. पोटं फुगलेली. मुरबाडच्या दुकानातून औषधाची पावडर आणली, कोंड्यात कालवून घातली. चट्टे कमी झाले, पण मासे खायचेच थांबले. निम्मे मेले, उरलेले वाढले नाहीत. काकींच्या माहेरच्या कुणीतरी सापगावच्या या माणसाबद्दल सांगितलं. काकींनी निरोप धाडला आणि हे दह्याची चौकशी करत माझ्या दारात उभे राहिले, कारण काकींचं घर समजून ते आमच्या घरी आले होते.

तळ्यावर गेल्यावर त्यांनी पाणी हुंगलं, गाळ हुंगला, मेलेला मासा हुंगला. मग काठावर उकिडवे बसले आणि तासभर हललेच नाहीत. शेवटी काकींनी विचारलं, "भाऊ, काय बगताव?"

"हागन बगतोय."

आम्ही सगळ्या जणींनी पदर तोंडाला लावले. त्यांना त्याचं काहीच नव्हतं. "मासा बोलत नाय, पन हगतो ना? हे बगा, पांढरं, दोऱ्यासारखं, लांब. याच्या पोटात काय नाय राह्यलं. तुमच्या पावडरीनं वाईट पन मारलं आनि चांगलं पन मारलं." मग ते वाक्य बोलले, जे पुढे मी त्यांच्या तोंडून शंभरदा ऐकलं. "औषद येतं, मारामारी करतं, निघून जातं. विरजन ऱ्हायला येतं."

त्यांची रीत अशी. काळू नदीच्या धारेतला जिवंत, चपळ मासा पकडायचा. त्याचं पोट फाडून आतडं काढायचं. भाताची पेज, गूळ आणि उकळून निववलेलं पाणी यात ते टाकून, बरणीला फडकं बांधून तीन दिवस ठेवायचं. मग गाळायचं. निरोगी माशाच्या पोटात जे जिवंत असतं ते त्यात वाढतं. दर तिसऱ्या दिवशी निम्मं काढून कोंडा आणि पेंडीत कालवायचं, त्याचे गोळे तळ्यात टाकायचे. बरणीत पुन्हा पेज आणि गूळ घालायचा, म्हणजे उरलेलं विरजण पुन्हा वाढतं. याला ते "पाजणं" म्हणायचे. पुढे काही वर्षांनी मुरबाडच्या दुकानांत याच कामाची चकचकीत पाकिटं आली, त्यावर प्रोबायोटिक असं छापलेलं असायचं. काकांनी एक पाकीट फोडून हुंगलं आणि म्हणाले, "झोपलेलं हाय. जागं झालं तर बरं."

ती बरणी कुणाकडे ठेवायची यासाठी त्यांनी परीक्षा घेतली. काकींच्या ओटीवर आम्ही सगळ्या डोळे मिटून बसलो आणि ते एकेकीच्या नाकाशी वाट्या धरत गेले. गाईचं दही, म्हशीचं दही, शिळं ताक, आंबलेली पेज आणि त्यांचं विरजण. हसण्यानेच निम्म्या जणी बाद झाल्या. मी पाचही वास ओळखले. लग्नानंतर त्या गावात मला कुणी एखाद्या गोष्टीत पहिलं म्हणण्याची ती पहिली वेळ होती. मला फार बरं वाटलं, हे कबूल करते. त्यांनी चिनीमातीची जुनी बरणी माझ्या हातात दिली. आतून ती तपकिरी झाली होती आणि तिच्या चकाकीवर केसासारख्या भेगा होत्या.

"हिला घासायचं नाय. नुसती फडक्यानं पुसायची," ते म्हणाले. "त्या भेगांत विरजन ऱ्हातं. आनि नाक चोंदलं असंल त्या दिवशी फडकं सोडायचं नाय. नाक नसंल तर तू आंधळी."

आणखी एक. दिवेलागण झाली की ते विरजण कुणाला देत नसत. हा नियम आमच्या घरोघरी होताच, दूध, दही, मीठ दिव्यानंतर दाराबाहेर जात नाही. पण सत्यनारायण सोडून डबक्यावर जाऊन बसणारा माणूस हे का पाळतो, म्हणून मी एकदा छेडलं. ते म्हणाले, "अंधारात दिलेल्या वस्तूचा रंग दिसत नाय. म्हाताऱ्या काय येड्या नव्हत्या." मला वाटतं, हे कारण त्यांनी मागाहून शोधलं होतं.

त्यांच्याबरोबर काम करणं सोपं नव्हतं. उशीर झाला की बोलत नसत, नुसते हाताच्या घड्याळावर बोट आपटायचे. "डूटी म्हंजे डूटी." गोळे रोज एकाच जागी, एकाच वेळी पडले पाहिजेत. माझ्या केसांना एकदा वासाचं तेल होतं, तर त्यांनी मला तळ्यापासून दहा पावलं लांब उभं केलं आणि लांबूनच सगळं ओरडून शिकवलं. मला त्यांचा राग यायचा. पण दुसरी थंडी आली आणि गेली. मासे काठाला आले नाहीत. माघात जाळं टाकलं तेव्हा कटल्याचं अंग हाताला गच्च लागत होतं. काकींनी पहिला मासा काकांना दिला. त्यांनी तो उलटा करून बघितला, हुंगला आणि काकींना परत दिला. "मी मासे खात नाय," म्हणाले. हे आम्हाला वर्षभराने कळलं.

ही बातमी तालुक्यापर्यंत गेली. पुढच्या कार्तिकात एक सरकारी साहेब आमचं तळं बघायला येणार असं ठरलं. तळं पसंत पडलं तर ते पौषात, ऐन थंडीत, पुन्हा येऊन मासे बघणार होते. तेव्हाही मासे निरोगी असले तर आणखी सहा गावांच्या तळ्यांत काकांचं विरजण घालायचं, असं घाटत होतं. काकांनी ताबडतोब सहा बरण्या आणल्या, सहा विरजणं लावली आणि प्रत्येकीवर खडूने गावाचं नाव लिहिलं. चौथी शिकलेल्या माणसाचं मोठं, टपोरं अक्षर. आयुष्यभर दुसऱ्यांच्या चिठ्ठ्या धुऊन काढल्यावर पहिल्यांदाच बाटलीवर स्वतः लिहीत होते. त्यांना किती हवं होतं ते, हे त्यांनी एका शब्दाने सांगितलं नाही. पण त्या महिन्यात ते माझ्यावर एकदाही चिडले नाहीत.

साहेब येणार म्हणून आम्ही काय काय केलं ते आठवलं की आता हसू येतं. तळ्याचा बांध शेणाने सारवला. काठावरच्या झाडाच्या बुंध्याला गेरू लावला. आणि मी बरणी घासली.

मला तीन दिवस सर्दी होती. नाक पार बंद. पण ती तपकिरी, डागाळलेली बरणी पाहुण्यांपुढे ठेवायची मला लाज वाटली. आपल्याकडे पाहुणा येणार म्हटलं की भांडं आधी घासतात, मग त्यात काय होतं ते आठवतं. पंचायतीचा शिपाई विहिरीचं पाणी शुद्ध करायला टीसीएलची पावडर आणायचा. मोरीची फरशी तिने पांढरी होते हे सगळ्या बायकांना ठाऊक होतं. मी त्याच्याकडून मूठभर मागून घेतली. विरजण पातेल्यात काढलं, बरणीत पावडरीचं पाणी दुपारभर भरून ठेवलं. बरणी दुधासारखी झाली. मी दोनदा विसळली. नाक उघडं असतं तर दहादा विसळली असती, किंवा त्या भेगांतला वास जात नाही हे कळून बरणी फेकली असती. मी विरजण पुन्हा तिच्यात ओतलं आणि वर फडकं बांधलं.

साहेब आले, खूश होऊन गेले. "स्वच्छता चांगली आहे," म्हणाले. काका बरणीच्या पांढऱ्या रंगाकडे बघत राहिले, पण साहेबांपुढे फडकं सोडून हुंगायला लागले नाहीत. त्यांचं हुंगायचं राहून गेलं, अशी तोवरची ती एकच वेळ मला आठवते.

दोन दिवसांनी माझं नाक उघडलं. फडकं सोडलं तर आत काहीच नव्हतं. आंबट नाही, गोड नाही. पेजेचं पाणी आणि खाली विहिरीच्या पावडरीचा बारीकसा वास. विरजण मेलं होतं.

सापगाव काही लांब नव्हतं. सकाळच्या जीपने गेले असते तर दुपारपर्यंत नवं विरजण घेऊन परत आले असते. मी गेले नाही. ज्या एका गोष्टीत मला पहिलं म्हटलं होतं त्याच गोष्टीत मी माती खाल्ली, हे त्यांच्यासमोर जाऊन सांगायचं माझ्याने होईना. मी पेज केली, गूळ घातला आणि त्यात घरातलं रात्री लावलेलं म्हशीचं दही घातलं. तिसऱ्या दिवशी ते छान आंबलं. कोंड्यात कालवल्यावर फरक कुणाला कळणार नव्हता. काका तेव्हा सहा बरण्यांत गुंतले होते, आमच्याकडे यायचे नाहीत. असं मी दोन महिने केलं.

पौषात साहेब परत आले. काका सकाळीच आले होते, धुतलेल्या कपड्यांत. जाळं ओढलं. माशांच्या अंगावर लाल चट्टे होते. सगळ्यांच्या नाही, पण पुष्कळांच्या. त्या वर्षी थंडी कडक होती, नुसत्या थंडीनेही तसं झालं असेल. पण मला तसं वाटलं नाही, आणि काकांनाही वाटलं नसावं. ते सरळ माझ्याकडे आले आणि म्हणाले, "बरनी आन."

मी बरणी आणली. फडकं सोडून त्यांनी नाक आत घातलं. बाजूला साहेब, काकी, गटातल्या सगळ्या जणी आणि बांधावर गंमत बघायला जमलेले पुरुष.

"हे माजं नाय," ते म्हणाले. "हे म्हशीचं दही हाय. राती लावलेलं."

बांधावर कुणीतरी हसलं. काकी पुढे झाल्या. त्यांना तळं जाताना दिसत होतं आणि त्यात सुनेवर आळ आला होता. "भाऊ, तोंड सांबाळून बोला. तुमचं विरजन कमी पडलं तं तसं सांगा. आमच्या सुनंवर कशाला ढकलताव?" मग माझ्याकडे वळल्या. "तू सांग गो. भाऊंनी दिलेलंच विरजन हाय ना ह्ये?"

सगळे माझ्याकडे बघत होते. काकाही. त्यांच्या नजरेत राग नव्हता, ते फक्त उत्तराची वाट बघत होते.

"तेच आहे," मी म्हणाले.

त्यांनी पुन्हा बरणी हुंगली. या वेळी खूप वेळ. मग खांद्यावरच्या टॉवेलने नाक पुसलं. "मंग माजं नाक गेलं असंल," म्हणाले, आणि बरणी माझ्या हातात देऊन रस्त्याकडे चालू लागले. साहेबांनी वही मिटली. ते पुन्हा कधी आले नाहीत. सहा गावांचं पुढे काही झालं नाही.

त्यानंतर दोन महिने आमच्या गटात काकांची थट्टा चालली. नाक ओढून दाखवायचं आणि म्हणायचं, "म्हशीचं! राती लावलेलं!" मीही हसले आहे. लिहायला बरं वाटत नाही, पण हसले आहे.

फाल्गुनात मी कापडं घ्यायला शहापूरला गेले होते. स्टँडजवळच्या त्या हॉटेलात चहाला शिरले, तर कोपऱ्यात काका बसलेले. त्यांच्यापुढे बटाट्याची भाजी आणि पुऱ्या. माझ्या बाकड्यापर्यंत त्या भाजीचा वास येत होता. भाजी उतरलेली होती, सकाळची असावी. ते जेवत होते. वाटी नाकाशी नेली नाही, मान खाली घालून एकेक घास खात होते. गल्ल्यावरचा मालकही बघत होता. त्याने पोऱ्याला हाक मारून भाजी बदलायला सांगितली, तर काका म्हणाले, "असू दे. मला कळत नाय आता."

माझा चहा तसाच राहिला. आपण एका माणसाचं काय काढून घेतलं आहे ते मला तिथे दिसलं. तोवर मी स्वतःला सांगत होते की एक तळं बिघडलं, एक साहेब गेला, होतं असं. मला स्वतःची किळस आली.

ते सापगावच्या रिक्षात बसले, मी मागच्या रिक्षात. मी खोलीवर पोचले तेव्हा ऊन उतरत होतं. मला बघून त्यांना आश्चर्य वाटलं नाही. पाणी दिलं. ओट्यावर पाच बरण्या उपड्या ठेवल्या होत्या, खडूची अक्षरं तशीच. सहावीला फडकं बांधलेलं होतं.

"पाच ओतून टाकल्या," ते म्हणाले. "चांगलं कोन, वाईट कोन, समजंना. ही ऱ्हायली. टाइमावर पाजतो, पन उघडून बगत नाय." मग बरणी माझ्यापुढे सरकवली. "तुजं नाक चांगलं हाय. बग जरा, जित्ती हाय का."

मी फडकं सोडलं. आंबट, गुळचट, आणि त्याच्या तळाशी ओल्या दगडाचा वास. काळू नदीचा. मला रडू आलं.

"जिवंत आहे," मी म्हणाले. "आणि काका, तुमचं नाक गेलेलं नाही. ते दहीच होतं. आमच्या घरचं."

मी सगळं सांगितलं. सर्दी, पावडर, पांढरी बरणी, पेज. मी संपवलं तेव्हा त्यांनी एकच विचारलं.

"रातीच लावलेलं ना?"

"रात्रीच."

"म्हशीचं."

"म्हशीचं."

त्यांनी बरणी माझ्या हातातून घेतली आणि नाक आत घातलं. डोळे मिटले होते. किती वेळ गेला कोण जाणे. मान वर केली तेव्हा त्यांचा चेहरा एखादं मोठं आजारपण संपलेल्या माणसाचा होता. मग एकदम चिडले. पहिल्यासारखे, हातावरच्या घड्याळावर बोट आपटून.

"दोन महिने! आनि हे माज्यासमोर येऊन सांगतीस? माज्यासमोर कशाला? मला म्हाईत व्हतं. ज्यांच्यासमोर खोटं बोल्लीस त्यांना सांग."

मी मान हलवली. उठताना म्हणाले, "काका, थोडं विरजण द्याल? तळं अजून वाचेल." तेवढ्यात शेजारच्या घरात कुणीतरी दिवा लावला. त्यांनी तिकडे बघितलं.

"दिवा लागला. आता नाय. उद्या उजेडी ये." मी दारात पोचले तेव्हा मागून म्हणाले, "काकींना घिऊन ये."

शेवटच्या जीपने गावात आले आणि घरी न जाता काकींकडे गेले. त्या भाकऱ्या भाजत होत्या. मी चुलीसमोर बसून सांगितलं. त्या ओरडतील असं मला वाटलं होतं. त्यांनी हातातली भाकरी पुरी भाजली, उतरवली, मग बसून राहिल्या. "आपल्या घरचं दही," म्हणाल्या. "आनि मी त्यांना चारचौघांत काय काय बोल्ले." सकाळी उजाडताना त्यांनीच मला हाक मारली. गटातल्या सगळ्या जणी रस्त्यावर उभ्या होत्या. काकींनी घरोघर जाऊन त्यांना बोलावलं होतं, पण माझ्याऐवजी काही सांगितलं नव्हतं; मला पुढे उभं करून मलाच सगळं सांगायला लावलं. नाक ओढून दाखवणारी कुणी त्या दिवशी माझ्याकडे बघत नव्हती.

सापगावला काका बाहेरच बसले होते. काकींनी त्यांच्यापुढे हात जोडले. "भाऊ, चूक झाली. माजी तोंडाची आनि हिची..." हिची कशाची, ते त्यांना सुचेना.

"हिची घासायची," काका म्हणाले. दोन-तीन जणी हसल्या. काका हसले नाहीत.

त्यांनी आतून बरणी आणली. मी हात पुढे केला होता, सवयीने. त्यांनी बरणी काकींच्या हातात दिली. मग माझ्याकडे बोट केलं.

"वास ही घेईल. हिच्यासारखं नाक तुमच्यात नाय. पन ठेवनार तुमी."

काकींनी पदरात धरून बरणी जीपमध्ये मांडीवर घेतली. मी शेजारी बसले. तळं वाचलं, बायकांकडेच राहिलं. काका पुढे बरीच वर्षं आमच्याकडे यायचे, मला पहिल्यासारखेच रागवायचे, माझ्या तेलाच्या वासाला नावं ठेवायचे. बरणी पुन्हा माझ्याकडे देण्याचा विषय मी एकदा काढला होता. ते घड्याळ बघायला लागले.

आता तेही नाहीत आणि काकीही नाहीत. बरणी काकींच्या सख्ख्या सुनेकडे आहे. दर तिसऱ्या दिवशी, पाजायच्या आधी, ती बरणी घेऊन माझ्या उंबऱ्याशी येते, फडकं सोडते आणि माझ्यापुढे धरते. मी वास घेते, आहे म्हणून सांगते. मग ती फडकं बांधते आणि दिवे लागायच्या आत बरणी परत घेऊन जाते.